घरातील ध्वनियंत्रणेसाठी वीजसंरक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील घरांसाठी, म्हणजेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, सक्रिय स्पीकर किंवा होम थिएटर वापरणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. दरवर्षी वळवाच्या पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जळालेल्या यंत्रांची रांग लागते. त्यांतली बरीचशी यंत्रे अगदी थोड्या खर्चात वाचली असती, हे ती उघडल्यावर समजते.

विजेमुळे ॲम्प्लिफायर जळला, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय झालेले असते?

एकाच वाक्यात आपण तीन वेगळी दुखणी सांगत असतो आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पहिले दुखणे सर्ज, म्हणजे दाबाची क्षणिक उसळी. जवळपास कोठेतरी वीज पडते किंवा तारांवर मोठा भार अचानक जोडला वा तोडला जातो, तेव्हा काही मायक्रोसेकंदांपुरता दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. प्रयोगशाळेत अशी उसळी तपासण्यासाठी ८ मायक्रोसेकंदांत चढून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येणारी प्रवाहाची लाट वापरतात. आपल्या विजेचे अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही लाट त्याच्या पाचशेव्या हिश्शात येऊन जाते. एवढ्या वेळात फ्यूज वितळत नाही, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही आणि स्टॅबिलायझरला तर पत्ताही लागत नाही.

दुसरे दुखणे म्हणजे दाब काही सेकंद, मिनिटे किंवा तासन्‌तास चढलेला वा उतरलेला राहणे. ग्रामीण भागात रात्री शेतीपंप सुरू झाले की १७० ते १८० व्होल्टवर मिणमिणणारे दिवे, किंवा न्यूट्रल तुटल्यावर एखाद्या घरात अचानक पांढरेफटक उजळलेले बल्ब, ही त्याची रूपे. तिसरे दुखणे म्हणजे विजेबरोबर येणारा विद्युत गोंगाट. त्याने काही जळत नाही, मात्र स्पीकरमधून खरखर किंवा घरघर ऐकू येते. बाजारात ‘पॉवर कंडिशनर’ या एकाच नावाखाली या तिन्ही दुखण्यांवरचे उपाय विकले जातात. त्यामुळे ग्राहक तिसऱ्या दुखण्याचे औषध घेतो आणि पहिल्या दोन दुखण्यांनी यंत्र गमावतो.

२३० व्होल्ट म्हणजे नक्की किती?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी ६ टक्के वर-खाली एवढी मुभा दिली होती, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. २३० हा परिणामी (आरएमएस, म्हणजे एक प्रकारच्या सरासरीचा) आकडा आहे, लाटेचे शिखर प्रत्यक्षात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे इन्व्हर्टरच्या चर्चेत तो पुन्हा येणार आहे.

न्यूट्रल तुटल्याने एवढे नुकसान का होते?

माझ्या अनुभवात घरातील ध्वनियंत्रांचा खरा शत्रू आकाशातील विजेपेक्षा हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. एका घराला सहसा एकच फेज आणि न्यूट्रल मिळतो आणि त्या दोहोंत २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० व्होल्ट असतात. खांबावरचा न्यूट्रलचा जोड गंजून सैल झाला, किंवा फांदी पडून तीच एक तार तुटली, तर निरनिराळ्या फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार जास्त, तिथला दाब कोसळतो. ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब ३०० आणि त्याहून पुढे, अगदी वाईट परिस्थितीत ४०० व्होल्टच्या जवळ जातो. रात्री अकराला एका घरात गिझर आणि पंप चालू आहेत आणि दुसऱ्या घरात फक्त एक दिवा आणि स्टँडबायवर ठेवलेला ॲम्प्लिफायर आहे, अशा वेळी हा ४०० व्होल्टकडे धावणारा दाब त्या दुसऱ्या घराच्या वाट्याला येतो.

इथे स्पाइक गार्ड उपयोगाचा नाही. उलट तो धोक्याचा ठरू शकतो, कारण त्यातील घटक मायक्रोसेकंदांची उसळी गिळण्यासाठी बनवलेला असतो. मिनिटभर चढलेला दाब सोसता न आल्याने तो तापतो, फुटतो आणि प्लास्टिकला आग लावू शकतो. यावर उपाय म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डात मुख्य स्विचनंतर बसवायचा अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्याच पट्टीवर बसणारे हे छोटे यंत्र दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, साधारणपणे २६५ ते २७० व्होल्टच्या वर किंवा १७० ते १८० च्या खाली गेला की पुरवठा तोडते आणि दाब पूर्ववत झाल्यावर थोडा वेळ थांबून तो पुन्हा जोडते. घरातील फ्रिज, टीव्ही आणि पंखे यांनाही त्याच खर्चात संरक्षण मिळते. मला कोणी एकच वस्तू सुचवायला सांगितली, तर मी हीच सुचवतो.

दिवे अचानक प्रखर झाले, पंख्याने वेग घेतला आणि शेजारच्या घरात मात्र दिवे मंदावले, असे दिसले तर न्यूट्रल गेल्याचे समजावे. मुख्य स्विच ताबडतोब खाली पाडावा आणि वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी. आधी ॲम्प्लिफायरचे बटण बंद करण्यात वेळ घालवू नये.

स्पाइक गार्डमध्ये नेमके काय असते?

स्क्रू काढून पाहिले, तर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक चपटी, गोल, निळी किंवा केशरी चकती सोल्डर केलेली दिसते. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी असते. तिला व्हॅरिस्टर किंवा एमओव्ही म्हणतात. ती जस्ताच्या ऑक्साइडचे कण दाबून-भाजून बनवलेली असते. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ तुटलेल्या तारेसारखी निष्क्रिय राहते, पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की क्षणात वाहक बनून उसळीला न्यूट्रलकडे वाट करून देते. आपल्याकडच्या पुरवठ्यासाठी २७५ व्होल्टची चकती वापरतात. तिच्यावर बहुधा ४३१ हा आकडा छापलेला असतो, म्हणजे ४३ वर एक शून्य, अर्थात ४३० व्होल्टला ती वाहू लागते. मोठी उसळी आल्यावर दाब साधारण ७०० व्होल्टच्या आसपास रोखला जातो. हजारो व्होल्टचे ७०० होणे हेच तिचे काम आहे. २३० च्या वर काहीच जाऊ देणार नाही, अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

चांगल्या प्रतीच्या स्पाइक गार्डच्या पट्टीत तीन चकत्या असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. त्यांच्यालगत तापमान वाढल्यावर तुटणारा थर्मल फ्यूज असतो. स्वस्त पट्टीत एकच चकती असते, आणि काहींत तीही नसते. मी स्वतः उघडलेल्या एका पट्टीत आवरणावर ठळक अक्षरांत ‘स्पाइक गार्ड’ लिहिलेले होते आणि आत एक स्विच, एक निऑन दिवा आणि पितळेच्या दोन पट्ट्या, एवढेच निघाले. तिला एक्स्टेन्शन बोर्ड म्हणणेच योग्य होईल.

स्पाइक गार्ड घेताना काय पाहावे आणि तो कधी बदलावा?

भारतीय २३० व्होल्टसाठी बनवलेला आहे ना, तीन मार्गांचे संरक्षण आहे ना, थर्मल फ्यूजचा उल्लेख आहे ना आणि संरक्षण शाबूत असल्याचे दाखवणारा वेगळा दिवा आहे ना, एवढे पाहावे. हा दिवा आणि वीज चालू असल्याचे दाखवणारा दिवा यांत गल्लत करू नये. जूलचा आकडा, म्हणजे पट्टी किती ऊर्जा गिळू शकते तो, मोठा असणे चांगले, पण तो किती चकत्यांची बेरीज करून काढला आहे हे खोक्यावर सहसा लिहिलेले नसते, म्हणून केवळ त्यावर निर्णय घेऊ नये. व्हॅरिस्टर प्रत्येक उसळीनंतर थोडाथोडा झिजतो. त्यामुळे संरक्षणाचा दिवा विझला, की गाणे नीट वाजत असले तरी पट्टी बदलावी. पट्टीचे प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर दिव्याची वाट पाहू नये.

डिस्ट्रिब्यूशन बोर्डात एसपीडी (सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस) बसवणे गरजेचे आहे का?

स्वतंत्र घर, शेतावरचे घर किंवा तारा खांबांवरून उघड्यावर येणारी वस्ती असेल, तर होय. भिंतीतील वायरिंगपर्यंत उसळी पोचण्याआधीच बहुतेक ऊर्जा जमिनीकडे वळवणे हे एसपीडीचे काम. घरांसाठी सहसा टाइप २ पुरेसा असतो. इमारतीवर वीजवाहक सळई असेल, तर आधी टाइप १ लागतो, कारण त्याला १० आणि ३५० मायक्रोसेकंदांची, म्हणजे कितीतरी जास्त ऊर्जेची लाट सोसायची असते. यंत्राजवळची चांगली पट्टी ही टाइप ३ च्या जागी येते. मोठी लाट मीटरपाशी अडवायची आणि उरलेली यंत्रापाशी, अशी ही विभागणी आहे. बोर्ड आणि यंत्र यांच्यातील तारेचे अंतर १० मीटरपेक्षा जास्त असेल, तर केवळ बोर्डातल्या एसपीडीवर विसंबू नये.

इथे वायरमनकडून हमखास होणारी एक चूक आहे. एसपीडीला जोडणाऱ्या तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून तो त्या बोर्डाच्या कडेकडेने लांब फिरवतो. मायक्रोसेकंदांच्या लाटेला तारेचे प्रत्येक अधिक इंच अडथळ्यासारखे भासते आणि त्या अडथळ्यावरचा दाब थेट आपल्या यंत्रावर येतो. फेज ते एसपीडी आणि एसपीडी ते अर्थ या दोन्ही तारांची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत असावी. उभे राहून हे करून घ्यावे.

अर्थिंग नीट आहे की नाही, हे कसे ओळखावे?

वर सांगितलेले बहुतेक सगळे उपाय अर्थिंगवर उभे आहेत. अर्थ नसेल तर तीन चकत्यांतल्या दोन निरुपयोगी ठरतात आणि एसपीडीला उसळी वळवायला जागाच उरत नाही. सॉकेटला तीन भोके असणे म्हणजे अर्थिंग असणे नव्हे. अनेक जुन्या घरांत वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नसते.

मल्टीमीटर हाताळण्याची सवय असलेल्या माणसाकडून तीन मोजमापे करून घ्यावीत. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असे आकडे आले तर प्राथमिक समाधान मानता येते. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस व्होल्ट दिसले तर अर्थ तुटलेला किंवा फारच कमकुवत आहे. भार चालू असतानाही तिथे नेमके शून्य दिसले, तर अधिक सावध व्हावे, कारण कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून टाकलेले असण्याची शक्यता असते. हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. अशा घरात न्यूट्रल तुटला, की ॲम्प्लिफायरची संपूर्ण धातूची पेटी फेजवर येते आणि आवाजाची मूठ फिरवायला गेलेल्या हाताला शॉक बसतो. हा तुकडा दिसताक्षणी काढून टाकावा.

जमिनीचा रोध किती आहे हे मल्टीमीटरने कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. घरगुती अर्थिंगसाठी ५ ओहमच्या आतील आकडा चांगला मानतात. काळ्या मातीत तो सहज मिळतो, पण मुरूम किंवा जांभा लागला की खड्डा खोल घ्यावा लागतो, दोन पाइप पुरावे लागतात किंवा केमिकल अर्थिंगकडे वळावे लागते. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची घरोघरची पद्धत अगदी योग्य आहे. जमीन एप्रिल-मेमध्ये सर्वांत कोरडी असते आणि वळवाच्या विजाही त्याच दिवसांत कडाडतात, म्हणून ती पद्धत मोडू नये.

ध्वनियंत्रणेसाठी वेगळे, ‘स्वच्छ’ अर्थिंग घ्यावे का?

घराच्या मुख्य अर्थिंगशी न जोडलेला स्वतंत्र पाइप कधीही पुरू नये. जवळ वीज पडली की जमिनीतील दोन ठिकाणांच्या दाबात हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक मिटवणारा प्रवाह आपल्या यंत्रातून जातो. दुसरा पाइप घ्यायचाच असेल, तर तो जाड तारेने पहिल्याशी जोडलेला असला पाहिजे.

घरात अर्थिंगच नाही, आणि ॲम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येतात. हे धोक्याचे आहे का?

झिणझिण्या बहुधा यंत्राच्या आतील फिल्टरच्या कपॅसिटरमुळे येतात. फेज आणि न्यूट्रल या दोहोंकडून पेटीकडे एक-एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो आणि अर्थ नसल्याने पेटी त्या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. त्यांतून वाहू शकणारा प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्याही आत असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, मात्र तारा लावता-काढताना तोच प्रवाह नाजूक इनपुटमधून जातो. तरीही झिणझिण्यांचे कारण हेच असेल असे गृहीत धरू नये, कारण आतील तारेचे आवरण खरोखरच फाटलेले असले तरी सुरुवातीला तसेच जाणवते.

चाळीतील किंवा जुन्या वाड्यातील भाड्याच्या खोलीत नव्याने अर्थिंग घेणे शक्य नसेल, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावी. ती यंत्र वाचवत नाही, पण जीव वाचवते. नवीन यंत्र घेताना मागे एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असलेले, दुहेरी आवरणाचे यंत्र निवडावे. त्याला अर्थची गरज नसते.

वीज कडाडत असताना यंत्र स्विचने बंद केले तर पुरेसे आहे का?

नाही. स्विचच्या दोन टोकांतील फट जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. जवळ पडलेल्या विजेची उसळी ती सहज ओलांडते. शिवाय घरातला स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. प्लग सॉकेटमधून काढणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचे संरक्षण आहे. कोणतीही चकती त्याची बरोबरी करू शकत नाही. फक्त ते पहिल्या गडगडाटाआधी करावे. वीज डोक्यावर कडाडत असताना प्लगला किंवा तारांना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. मराठवाडा आणि विदर्भातील माझे अनेक ग्राहक त्यावरून प्लग काढतात.

आणि फक्त विजेचा प्लग काढून भागत नाही. छतावरच्या डिशची केबल, केबल टीव्हीची तार, तांब्याची नेटवर्क केबल यांपैकी प्रत्येक तार उसळीला आत येण्याचा मार्ग असते. एका ग्राहकाचा होम थिएटर रिसीव्हर मी उघडला, तेव्हा त्याचा विजेचा भाग नव्यासारखा निघाला, मात्र एचडीएमआयच्या सॉकेटमागची चिप काळी पडून तडकलेली होती. त्यांनी प्लग काढला होता, पण डिशची तार सेट-टॉप बॉक्सला तशीच होती आणि उसळी तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून रिसीव्हरमध्ये आली. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. तरीही त्या केबलला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असेल, तर ती खिडकीच्या ग्रिलला गुंडाळू नये.

लाइट गेल्यावर काय करावे?

ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढावा. लाइट परत येते तेव्हा सगळ्या गल्लीचे फ्रिज आणि पंप एकदम उठतात आणि पहिल्या काही सेकंदांत दाब हेलकावे खातो. कित्येकदा दोन-तीनदा ये-जाही होते. पाच मिनिटे थांबून मग यंत्र जोडावे.

स्टॅबिलायझर लावावा का?

दाब नेहमीच २०० च्या खाली राहत असेल, तर लावावा. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला ‘टक’ असा आवाज होऊन क्षणभर पुरवठा तुटतो. शांत मैफल ऐकताना तो टकटकाट त्रासदायक होतो. सर्वो प्रकारचा स्टॅबिलायझर सलगपणे आणि शांतपणे दाब सावरतो, म्हणून ध्वनियंत्रणेसाठी तोच बरा. यंत्राच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर कमी दाबासाठी स्टॅबिलायझरची मुळीच गरज नाही, कारण आतील एसएमपीएस (कमी-जास्त दाब स्वतः सावरून घेणारा इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा) ते काम स्वतः करते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे जुने ॲम्प्लिफायर आणि व्हॉल्व्हची यंत्रे यांना मात्र त्याचा खरा लाभ होतो. स्टॅबिलायझर हा सर्ज रोखणारा घटक नाही, हे पुन्हा सांगतो.

इन्व्हर्टरवर गाणी ऐकावीत का?

शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल, तर निःशंकपणे ऐकावीत. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मात्र ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि आवाजही दबतो, त्याचे कारण असे: ॲम्प्लिफायरमधील मोठे कपॅसिटर लाटेच्या शिखरावर भरले जातात. साइन लाटेचे शिखर ३२५ व्होल्टचे, तर चौकोनी लाटेचे २३० च्या आसपासचेच, म्हणजे ॲम्प्लिफायरला आतमध्ये नेहमीच्या सुमारे ७० टक्केच दाब मिळतो. मीटरवर २३० दिसत असूनही तबल्याचा बायाँ पोकळ का वाटतो, याचे उत्तर यात आहे.

स्पीकरमधून सतत गुणगुण येते. कंडिशनर घेतल्याने ती जाईल का?

बहुतेक वेळा जाणार नाही, आणि त्यावर पैसे खर्च करण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा. सगळे इनपुट काढून फक्त ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवावेत. तरीही गुणगुण असेल, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे आणि तो १०० हर्ट्झचा किंचित खरखरीत स्वर असेल, तर आतील फिल्टर कपॅसिटर वाळले असावेत. इनपुट काढल्यावर शांतता झाली, तर एकेक यंत्र परत जोडत जावे. ज्याच्या जोडणीने आवाज परतला, तिथे ग्राउंड लूप आहे.

आपल्याकडे दहांतल्या सात-आठ वेळा हा दोषी केबल टीव्हीची तार निघते. ॲम्प्लिफायरचा अर्थ आपल्या घराच्या खड्ड्यात, तर केबलच्या जाळीचा अर्थ कोठेतरी दूरच्या खांबावर, आणि दोन्हींमधील फरकाचा प्रवाह आपल्या आरसीए तारेच्या जाळीतून वाहतो. त्याचीच ती ५० हर्ट्झची गुणगुण. केबलचे टोक सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहिले की क्षणात निदान होते. यावर उपाय म्हणजे केबलच्या मार्गात आयसोलेटर बसवणे, किंवा टीव्हीचा आवाज ऑप्टिकल तारेने नेणे. सगळी यंत्रे एकाच पट्टीवर घेतल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये. गुणगुण जाते हे खरे, पण घरातील मुलाने त्या पेटीला हात लावला त्या दिवशी आतील एखादी तार सुटलेली असेल, तर त्याची काय किंमत द्यावी लागेल, याचा विचार करावा.

पंखा हळू केला की स्पीकरमधून तर्रर असा आवाज का येतो?

मूठ फिरवून सलगपणे वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक असतो. तो सेकंदाला शंभर वेळा लाट मध्येच कापतो आणि प्रत्येक काप गोंगाट पसरवतो. त्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर बसवला, की हा आवाज कायमचा जातो. हजारोंच्या कंडिशनरने जे साधत नाही, ते या छोट्या बदलाने साधलेले मी अनेक दिवाणखान्यांत ऐकले आहे. मिक्सरच्या कार्बन ब्रशची खरखर आणि सुमार मोबाइल चार्जरचा गोंगाट मात्र चांगल्या लाइन फिल्टरने कमी होतो.

स्पीकर शांत आहेत, पण ॲम्प्लिफायरची पेटीच गुंजते. असे का?

टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, ट्रान्सफॉर्मरला लाटेच्या दोन अर्धांमधील असमानता सोसत नाही. एक व्होल्टहूनही कमी डीसी (एकाच दिशेचा दाब) आला तरी त्याचा गाभा संपृक्त होऊन तो गुंजू लागतो. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालवला की अनेकदा असे घडते, कारण त्यात एकच डायोड अर्धी लाट वापरतो. गुंजणे तेवढ्यापुरतेच असेल तर दुर्लक्ष करावे. सतत असेल तर डीसी ब्लॉकर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

महागडा पॉवर कंडिशनर आणि महागडी पॉवर केबल यांनी आवाज सुधारतो का?

भिंतीतील वीस मीटर साध्या तारेनंतर शेवटचा दीड मीटर कितीही मोलाचा घेतला, तरी ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर यांच्या पलीकडे त्याचा परिणाम पोचण्याचे कारण मला दिसत नाही. योग्य जाडीची, घट्ट बसणारी, आयएसआय चिन्हाची तार पुरेशी आहे. कंडिशनरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या घरात खरोखर गोंगाट आहे, तिथे चांगला फिल्टर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ऐकू येईल असा फरक करतो. जिथे गोंगाटच नाही, तिथे काहीच करत नाही. म्हणून दुकानदाराकडून आठवडाभर घरी वापरून पाहण्याची परवानगी मागावी. पॉवर ॲम्प्लिफायर लाटेच्या शिखरावरच प्रवाह ओढत असल्याने आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतल्यास तो गरजेच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, नाहीतर त्याचाच अडसर होतो.

अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेले यंत्र इथे कसे वापरावे?

मुले परदेशात असलेल्या घरांतून हा प्रश्न वारंवार येतो. अमेरिकेचे यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे, तर जपानचे १०० व्होल्टचे असते. मागे दाब बदलण्याचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि जपानी यंत्रासाठी तो ११० चा न घेता १०० चाच घ्यावा. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, आवर्तने बदलत नाहीत. सिंक्रोनस मोटरचे अमेरिकी टर्नटेबल इथे ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेते आणि काळी एकमध्ये गायलेली बंदिश खाली काळी पाचात ऐकू येते. त्याला ५० हर्ट्झची पुली मिळवावी लागते. तिकडून आणलेला स्पाइक गार्ड मात्र इथे थेट कधीही लावू नये. त्यातील चकती १२० व्होल्टसाठी असते आणि आपल्या पुरवठ्यावर ती लगेच जळते.

ॲम्प्लिफायर चालू करताच एमसीबी पडतो. दोष कोणाचा?

बहुधा कोणाचाच नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी पुष्कळ प्रवाह ओढतात. बी प्रकारचा एमसीबी नेमून दिलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. वायरिंग सक्षम आहे याची खात्री करून तितक्याच अँपिअरचा सी प्रकार बसवावा. अँपिअर मात्र वाढवू नयेत.

उसळीनंतर यंत्र बंद पडले आहे. घरी काय करून पाहावे?

फ्यूज एकदाच बदलून पाहावा, तोही त्याच अँपिअरचा. तोही उडाला तर तिथेच थांबावे, कारण प्रत्येक नव्या फ्यूजबरोबर आतील आणखी एखादा घटक जातो. फ्यूजच्या काचेचा आतला भाग आरशासारखा काळा-चंदेरी झाला असेल, तर आत पूर्ण शॉर्ट आहे असे समजावे. दुरुस्ती करणाऱ्याकडे सिरीज बल्बचा बोर्ड आहे का, हे विचारावे. तो यंत्राच्या मार्गात १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर यंत्राचा विजेचा भाग शाबूत आहे, पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि तो सापडेपर्यंत यंत्राला आणखी इजा होत नाही. झाकण घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ भार साठलेला असतो. कित्येकदा आत फक्त व्हॅरिस्टरची चकती काळी पडून फुटलेली सापडते, म्हणजे तिने स्वतःवर सगळे झेललेले असते. अशा वेळी ती काढून तार सरळ जोडून देऊ नका, त्याच क्रमांकाची नवी चकती बसवून द्या, असे दुरुस्तीकाराला आग्रहाने सांगावे आणि काढलेली जुनी चकती मागून घेऊन तिच्यावरचा क्रमांक नव्या चकतीशी ताडून पाहावा.